शेवंती कशाला बुजायची?

घोडा बुजला की सगळे पडलेल्या माणसाकडे धावतात. मी घोड्याकडे धावायचे. त्यामुळे क्लबात मला दगडाच्या काळजाची बाई म्हणायचे, आणि तेही माझ्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने. पण माणसाला विचारता येतं, कुठे लागलं म्हणून. तो सांगतो, जरा जास्तच सांगतो. घोड्याला तेवढ्या घटकेत बघितलं नाही तर पुढे काही कळत नाही. कान कुठे वळलेत, नाकपुड्या किती फुगल्यात, शेपटी दाबलीय की उचललीय, सगळी साक्ष त्या घटकेपुरती असते. मग घोडा गवत हुंगायला लागतो आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहतो.

आम्ही मूळचे कणकवलीकडचे. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर अंधेरी पूर्वेला, मरोळच्या पुढे, एका लहानशा रायडिंग क्लबात त्यांना वॉचमनची नोकरी मिळाली आणि तबेल्यामागची एक खोली. माझ्या वयाच्या मुली शाळेतून आल्यावर लंगडी खेळायच्या, मी घोड्यांना खरारा करायचे. पुढे त्याच क्लबात घोडेस्वारी शिकवायला लागले आणि गुडघ्यांनी नाही म्हटलं तेव्हा थांबले. यापलीकडे माझ्या कारकिर्दीत सांगण्यासारखं काही नाही. पेपरात एकदा फोटो आला होता, त्यात घोड्याचं तोंड पूर्ण आणि माझं अर्धं होतं.

लोकांना वाटतं, घोडेस्वारी शिकवणं म्हणजे टाच खाली, पाठ ताठ, नजर समोर. ते पहिल्या महिन्यात संपतं. खरं काम म्हणजे घोडा एकदम का दचकला ते शोधून काढणं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला आजूबाजूचं सगळं दिसतं, पण नाकासमोरचं आणि अगदी पाठीमागचं दिसत नाही. कान आपल्यापेक्षा फार तिखट. आणि काही वेगळं जाणवलं की थांबून विचार करायचा नाही, आधी पळायचं, हे त्याच्या रक्तात आहे. आपल्याला वाटतं, एवढी पाचशे किलोची जात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीला भिते. पिशवीच्या जागी वाघ असता तर काय, एवढाच घोड्याचा हिशोब असतो.

कारणं बहुतेक वेळा साधी निघतात. खोगीर पाठीला चावतं, दाताला लगाम लागतो, डोळ्यात पडदा आलेला असतो, नाहीतर चंदी, म्हणजे दाणा, जास्त आणि काम कमी झालेलं असतं. पुष्कळदा कारण पाठीवर बसलेलं असतं. बोरिवलीचे देवधर म्हणून एक गृहस्थ होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा घोडा राजा, गायीसारखा गरीब, पण देवधर बसले की मैदानात कुठेतरी हमखास दचकायचा. जागा रोज वेगळी. मी शेवटी त्यांच्या शेजारून दुसरा घोडा चालवला, तेव्हा कळलं की भीती वाटू नये म्हणून देवधर तोंडातल्या तोंडात पाढे म्हणायचे. एकोणतिसाच्या पाढ्यात मध्येच अडायचे, श्वास रोखायचे आणि गुडघे आवळायचे. राजाला वाटायचं, मालकाला काहीतरी भयंकर दिसलं. मी म्हटलं, "देवधर, राजाला एकोणतिसाचा पाढा झेपत नाही. तुम्ही बेचा म्हणा." त्यानंतर दोघेही सुखाने फिरले.

असे किस्से सांगायला मला आवडतात, कारण त्यांत मी हुशार दिसते. शेवंतीचा किस्सा तसा नाही. तो मी कधी कुणाला पूर्ण सांगितलेला नाही, आणि तीच घोडी मला सगळ्यांत जास्त आठवते.

शेवंती तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली घोडी. तिच्या शेजारच्या ठाणात मोगरा असायची, नावाप्रमाणे पांढरीशुभ्र. दोघी एकाच टेम्पोतून क्लबात आल्या आणि बारा महिने एकमेकींच्या शेजारी बांधलेल्या असायच्या. मधल्या भिंतीवरून माना टाकून एकमेकींची आयाळ दातांनी हळूहळू खाजवायच्या. घोड्यांची मैत्री अशीच असते, त्यात बघण्यासारखं काही नसतं. मोगरा वयाने मोठी, तिच्या मागच्या उजव्या पायात पुढे पुढे ताठरपणा आला. चालताना तो पाय किंचित ओढायची. तीन टापा स्वच्छ आणि चौथी घासलेली, डोळे मिटूनही मला कळायचं मोगरा आली म्हणून.

घोडेस्वारीला तसा पाय चालत नाही. मी मे महिन्यात गावी गेले होते, तेवढ्यात क्लबच्या कमिटीने मोगराला विकलं. परत आले तर ठाण रिकामं, झाडून घेतलेलं. आमच्या धंद्यात एक रिवाज आहे, कुणी घालून दिलेला नाही पण सगळे पाळतात. विकलेल्या घोड्याची चौकशी करायची नाही. कुठे गेला, कुणाकडे गेला, कसा आहे, विचारायचं नाही. विचारलं की बहुतेक वेळा जे कळतं ते ऐकवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा क्लास घ्यायचा असतो. मीही विचारलं नाही. शिवराम, आमचा सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, कुडाळकडचा माणूस, तोही काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "बाई, शेवंती चंदी खाणा नाय." आठवडाभराने खायला लागली. पावसाळाभर शहाण्यासारखी वागली. मी मनात म्हटलं, विसरली.

दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली, आणि शेवंती बुजायला लागली.

पहिल्यांदा पडल्या त्या डॉक्टर रेवती, घाटकोपरच्या दातांच्या डॉक्टर. चाळिशीच्या आसपास, धीट बाई, चांगल्या बसायच्या. संध्याकाळचा क्लास होता. आमच्या मैदानाची एक बाजू कंपाउंडच्या उंच भिंतीला लागून होती आणि तिच्या टोकाला, भिंतीच्या बाहेरून आत वाकलेला एक पिंपळ होता. त्या कोपऱ्यात शेवंती दुडक्या चालीत असताना एकदम वळली. मी नेमकी दुसऱ्या टोकाला एका नवख्याच्या पायाची रिकीब नीट करत होते, माझी पाठ होती. वळून बघितलं तेव्हा डॉक्टर वाळूत बसलेल्या आणि शेवंतीला शिवरामने धरलेलं. डाव्या हाताचं मनगट मोडलं होतं. दातांच्या डॉक्टरचं मनगट म्हणजे तिचा दवाखानाच.

मग सगळं रीतसर झालं. आमचे घोड्यांचे डॉक्टर येऊन डोळे, दात, पाठ, खूर सगळं बघून गेले. मन लावून बघितलं त्यांनी, काही निघालं नाही. खोगीर बदललं, चंदी कमी केली. शिवराम म्हणाला, "पिंपळार तिका कायतरी दिसता, जा तुमका-आमका दिसना नाय." आणि ठाणाच्या दारावर लिंबू-मिरची बांधली. माझ्याकडे तरी दुसरं काय होतं. चार-पाच दिवस संध्याकाळी मी स्वतः शेवंतीवर बसून त्या कोपऱ्यातून फिरले. मांजरासारखी गरीब. आता उद्यापासून क्लासला देते म्हणून मी आलेल्या दोघा-तिघांना सांगत असतानाच, त्याच कोपऱ्यात, तिने मला असं फिरवलं की आयाळ धरून कशीबशी टिकले. घरी गेल्यावर बघितलं, उजवा गुडघा भिंतीला घासून सोलला होता.

क्लबचे सेक्रेटरी कर्णिक साहेब दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, "सुमनताई, भिंतीला घासून एखाद्याचं डोकं फुटलं तर क्लबला टाळं लागेल. पौष लागेपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर व्यापाऱ्याला सांगतो."

व्यापाऱ्याला देणं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. बुजणारी घोडी कुणी स्वारीला घेत नाही. ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात राहते, आणि प्रत्येक ठिकाणी तिची किंमत आणि चंदी कमी होत जाते. मी त्या दिवशी तिच्या ठाणात जाऊन तिच्या मानेवर डोकं टेकून उभी राहिले. तिने खांद्यावरून माझी ओढणी ओढली, नेहमीसारखी. मला ती जायला नको होती. इतकी साधी गोष्ट होती, पण कमिटीपुढे सांगण्यासारखी नव्हती.

एके दिवशी डॉक्टर रेवती हाताला प्लॅस्टर घालून क्लबात आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या.

"मॅडम, शेवंतीला विकताय म्हणे?"

"कमिटीचं तसं चाललंय."

"कारण कळलं?"

"नाही."

"मग विकताय कशाला? माझ्याकडे पेशंट येतो, गाल सुजवून, म्हणतो सगळी बत्तिशी दुखतेय. मी काय बत्तिशी उपटते का? आधी कोणता दात ते शोधते ना."

मी म्हटलं, शोधून थकले. आम्ही कँटीनच्या बाकड्यावर चहा घेत बसलो. त्या प्लॅस्टरकडे बघत म्हणाल्या, "तरी माझं नशीब बघा. आतल्या बाजूला पडले, वाळूवर. भिंतीकडे पडले असते तर मनगटावर भागलं नसतं."

माझा चहा तसाच राहिला. भिंत त्यांच्या उजव्या हाताला होती. घोडा भिंतीपलीकडच्या कशाला तरी भ्याला असता, तर भिंतीपासून लांब, म्हणजे डावीकडे उडाला असता, आणि स्वार उजवीकडे, भिंतीच्या बाजूला पडला असता. डॉक्टर डावीकडे पडल्या होत्या. म्हणजे शेवंती उजवीकडे वळली होती. आणि माझा सोललेला गुडघाही उजवाच. भ्यालेला घोडा त्या वस्तूपासून पळतो, हे मी शेकडो लोकांना शिकवलं होतं, आणि शेवंती दोन्ही वेळा भिंतीकडे गेली होती.

"ती भ्यालेली नव्हतीच," मी म्हटलं.

"मग?"

"तिला तिकडे जायचं होतं."

कुठे आणि कशासाठी, ते मात्र कळेना. आणि रोज का नाही, हेही कळेना. ते कळलं ते क्लासमुळे. डॉक्टर पडल्या त्या संध्याकाळी क्लासला मोजकीच माणसं होती. मला तिने फिरवलं त्या संध्याकाळीही तसंच. दोन्ही वेळा बाकीच्यांनी फोनवर एकच सांगितलं होतं, "मॅडम, आज लग्न आहे." शेवंती लग्नाच्या तिथीला बुजत होती. चातुर्मासात लग्नं नव्हती, तेव्हा ती शांत होती. शिवरामला हे सांगितलं तर म्हणाला, "मगे बँडाक घाबारता." पण बँड वाजायचा तो काळोख पडल्यावर, लांबच्या हॉलवर, आणि तेव्हा ही ठाणात निवांत उभी असायची. संध्याकाळच्या क्लासला आमच्याकडे ऐकू यायचे ते रिक्षांचे हॉर्न आणि मेट्रोच्या कामाची धडधड.

पौष लागायच्या आधी एकच तिथी उरली होती. मला ती पंचांगात बघावी लागली नाही. "शुक्रवारी येणार नाही मॅडम," असं आधी एकाने सांगितलं, मग दुसऱ्याने, मग क्लासच रद्द झाला.

शुक्रवारी मी शिवरामला सांगितलं, शेवंतीला हातात धरून भिंतीकडेने फिरव. आणि मी गेटमधून बाहेर पडून भिंतीला वळसा घालून मागच्या रस्त्यावर गेले. इतकी वर्षं त्या क्लबात काढली, त्या भिंतीच्या पलीकडे मी फारशी कधी गेलेच नव्हते. अरुंद रस्ता, एका बाजूला गाळे, टायरवाला, दुसऱ्या बाजूला आमची भिंत आणि पिंपळ. मी टायरवाल्याकडे उभी राहिले. तो म्हणाला, "ताई, रिक्षा पाहिजे का?" मी नको म्हटलं.

उन्हं उतरली तेव्हा रिक्षांच्या गोंगाटातून टापा ऐकू आल्या. तीन स्वच्छ आणि चौथी घासलेली.

पांढरी घोडी वळणावरून आली. पाठीवर जरीची झूल गुंडाळून बांधलेली, डोक्यावरचे तुरे अजून लावलेले नव्हते. बरोबर दोरी धरून एक उतारवयाचे, मेंदी लावलेल्या दाढीचे गृहस्थ. पिंपळाखाली येऊन ती थांबली. कुणी थांबवलं नाही, आपली आपण थांबली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आतून शेवंती खिंकाळली. मोगराने कान टवकारले आणि छातीतून हुंकार दिला. पाठोपाठ भिंतीआडून शिवरामची हाक आली, "बाई, खय आसात? ही माका वढून नेता भिंतीकडे."

मी पुढे झाले. मोगराने माझ्याकडे बघितलं आणि माझी ओढणी हुंगली. रस्त्यात, टायरवाल्यादेखत, मी तिच्या गळ्यात हात टाकून रडले, हे आता लिहून टाकते.

त्या गृहस्थांना काही विचारावं लागलं नाही. "तुम्ही क्लबवाल्या मॅडम ना? तुमचीच घोडी ही. मी इस्माईल, जोगेश्वरीला तबेला आहे आपला. लग्नाला घोड्या देतो."

"ही इथे नेहमी थांबते?"

"पक्की. किती पण खेचा, हलत नाही. पाच मिनिटं उभी राहते, मग गपचूप चालते. मला वाटलं, तिची काही मन्नत असेल पिंपळाला. मी पण थांबतो. आपलं काय जातं?"

मी त्यांना म्हटलं, "इस्माईलभाई, भिंतीच्या आत तिची मैत्रीण आहे. गेटपर्यंत आणाल का?"

त्यांनी घड्याळ बघितलं, मग मोगराकडे बघितलं. "चला," म्हणाले.

गेटशी शिवराम शेवंतीला घेऊन आला होता, म्हणजे शेवंती शिवरामला घेऊन आली होती. दोघी एकमेकींना हुंगल्या, एकदा किंचाळल्या, पाय आपटले, आणि मग अगदी जुन्या सवयीने उलटसुलट तोंडं करून उभ्या राहिल्या आणि एकमेकींची आयाळ दातांनी खाजवायला लागल्या. मोगराची जरीची झूल सुटून लोंबायला लागली होती. इस्माईलभाईंचा फोन वाजत होता. पलीकडून कुणी नवऱ्या मुलाचे मामा ओरडत होते, घोडी कुठाय, नवरा तयार होऊन उभा आहे. इस्माईलभाई शांतपणे म्हणाले, "साहेब, ट्रॅफिक आहे." आणि फोन खिशात टाकला. हल्ली आपल्याही लग्नात नवरदेवाला घोडी लागते. त्या दिवशी एक नवरदेव माझ्यामुळे जरा उशिराने बोहल्यावर चढला. त्याचा संसार सुखाचा झाला असेल अशी आशा आहे.

कर्णिक साहेब कमिटीच्या मीटिंगला आले होते, त्यांची गाडी गेटात अडली. ते उतरले, बघत उभे राहिले. मी भिंत, पिंपळ, लग्नतिथी सगळं एका दमात सांगितलं. ते म्हणाले, "मग आता काय लग्नं बंद करायची?"

"नाही. लग्नाच्या दिवशी मोगरा येऊन जाईपर्यंत हिला क्लासला द्यायची नाही. हिला गेटवर आणायची, भेट झाली की कामाला लावायची."

"आणि तरी बुजली तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "व्यापाऱ्याला मी नको म्हणून कळवतो."

माघात लग्नं पुन्हा सुरू झाली. डॉक्टर रेवतींचं प्लॅस्टर निघालं होतं. त्या हट्टाने लग्नाच्या तिथीलाच आल्या. गेटवर दोघींची भेट झाली, मोगरा गेली. शेवंती कान पुढे करून उभी राहिली, ती चौथी घासलेली टाप रस्त्याच्या गोंगाटात विरेपर्यंत. मग तिने मोठा श्वास सोडला आणि मान खाली घातली. डॉक्टर चढल्या. पिंपळाच्या कोपऱ्याशी त्या आल्या तेव्हा माझेच गुडघे आवळले गेले होते, देवधरांसारखे. शेवंती कोपऱ्यातून दुडक्या चालीत गेली आणि पुढे निघाली. डॉक्टरांनी दुसऱ्या फेरीला मला हात करून दाखवला, तोच मोडलेला.

ते वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यांत चांगलं वर्ष. इस्माईलभाई तिथीला येत, मी त्यांच्यासाठी चहा सांगून ठेवत असे. शिवरामने लिंबू-मिरची काढली नाही. म्हणायचा, तिचोच गुण.

पुढच्या वर्षी तुळशीची लग्नं लागली आणि पहिल्या तिथीला शेवंती दुपारपासूनच गेटाकडे तोंड करून उभी राहिली. तिला तिथी कशी कळली, मला विचारू नका. क्लासला येणारी माणसं कमी झालेली तिलाही कळत असावीत. संध्याकाळी इस्माईलभाई आले. एकटे आले, बरोबर घोडी नव्हती. मी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"पावसाळ्यात गेली, मॅडम. उभ्या उभ्या बसली, मग उठली नाही. त्रास नाही झाला तिला."

"आज काम नाही तुम्हाला?"

"आहे ना. दुसरी घोडी पोरगा घेऊन गेला, पुढच्या रस्त्याने. मी म्हटलं, इकडे एक जण वाट बघत असेल. सांगून यावं."

ते शेवंतीजवळ गेले. तिने त्यांची बाही हुंगली, खांदा हुंगला, मग त्यांच्यावरून पलीकडे, रस्त्याकडे बघत राहिली. इस्माईलभाईंनी तिच्या कपाळावरच्या ठिपक्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटले. घोड्याला कसं सांगायचं, ते इतक्या वर्षांत मी शिकले नव्हते, त्यांनाही येत नव्हतं. चहा घेऊन ते गेले.

शेवंती पुन्हा कधी बुजली नाही. पण लग्नाच्या प्रत्येक तिथीला ती गेटाशी जायची. मी तिला थांबवलं नाही. शिवराम दोरी सैल धरून शेजारी बसायचा. अंधार पडला की ती आपली आपण वळायची.

नंतर क्लबची जागा गेली. भाडेकरार संपला, बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे, मुंबईत अशा जागेवर टॉवरच उभा राहतो. शेवंतीला डॉक्टर रेवतींच्या ओळखीने कर्जतकडच्या एका शेतावर जागा मिळाली. चरायला माळ, दोन म्हशी, एक कुत्रा. या वेळी मी आमच्या धंद्यातला रिवाज मोडला. नंबर मागून घेतला आणि अधूनमधून फोन करते. मोगराच्या वेळीच मोडला असता तर पुष्कळ काही आधी कळलं असतं, पण ते जाऊ दे. शेतावरचा माणूस म्हणतो, "बरी हाय. चांगली खाती. फक्त सांजच्याला फाटकापाशी जाऊन हुभी ऱ्हाते, काय येड हाय कळत नाय." मी त्याला म्हणते, राहू दे उभी. तिला बघायला जायचं म्हणते, पण गुडघे गाडीचे धक्के सोसत नाहीत.

मी आता दहिसरला भाच्याकडे असते, बाराव्या मजल्यावर. खाली नदीकडच्या रस्त्याला एक लग्नाचा हॉल झालाय. परवा संध्याकाळी आम्ही चहा घेत बसलो होतो. खालून टापा ऐकू आल्या, सिमेंटच्या रस्त्यावरच्या. मी एकदम उठले, इतकी की कप कलंडला आणि चहा टेबलावरून खाली गेला. खिडकीशी जाऊन गज धरून उभी राहिले. एवढ्या उंचावरून एक पांढरा ठिपका दिसत होता, बरोबर दोरी धरलेला माणूस. मी टापा ऐकत होते. चारही स्वच्छ होत्या.

भाच्याची बायको, श्रुती, फडकं घेऊन धावत आली. गुणी मुलगी आहे. म्हणाली, "मावशी, काय झालं? कशाला दचकलात एवढ्या? काही दिसलं का?"

मी म्हटलं, "नाही गं. दचकले नाही."

ती टेबल पुसत राहिली. मी त्या टापा ऐकू येईनाशा होईपर्यंत खिडकीशी उभी राहिले, आणि मग आपली आपण वळले.